रुग्णसेवेतील २६ वर्षांचा अनुभव विधिमंडळात खरोखर उपयोगी पडतो का?

प्रश्न : अधिपरिचारिका, जत तालुका (जि. सांगली)

सर्वांना नमस्कार. मी गेली २६ वर्षे शासकीय सेवेत अधिपरिचारिका आहे आणि त्यांपैकी बहुतेक वर्षे जिल्ह्याच्या पूर्व भागातच काम केले आहे. गेल्या वर्षभरापासून आमच्या गावातील बचत गटाच्या महिला आणि काही वडीलधारी मंडळी मला सतत सांगत आहेत की, मी स्वेच्छानिवृत्ती घ्यावी, आधी जिल्हा परिषदेला उभे राहावे आणि लोकांनी साथ दिली तर पुढे विधानसभेचाही विचार करावा. ज्या बाईने तालुक्यातील निम्म्या मुलांना जन्मताना हातात घेतले, तिने आता तालुका हातात घ्यावा, असे एक आजी म्हणाल्या. त्यांचे प्रेम मला कळते, पण त्या प्रेमावर एवढा मोठा निर्णय उभा करावा की नाही, हे मला कळत नाही. म्हणून हा प्रश्न येथे मांडते आहे.

माझ्या मनातून न जाणारी एक रात्र सांगते, म्हणजे मी काय विचारते आहे ते स्पष्ट होईल. ऊसतोडीहून परतलेली, दुसऱ्या खेपेची एक बाई आमच्याकडे बाळंत झाली. वार पडल्यानंतर तिचा रक्तस्राव थांबेना. हाताशी होते ते सर्व उपचार आम्ही केले, परंतु तेथे रक्त साठवणुकीची सोय नव्हती आणि स्त्रीरोगतज्ज्ञही नव्हते, त्यामुळे संदर्भ चिठ्ठी लिहून तिला मिरजेला हलवावे लागले. रुग्णवाहिकेत मी तिच्यासोबत होते. कवठेमहांकाळ ओलांडेपर्यंत तिचा हात गार पडला होता. ती वाचली, पण गर्भपिशवी काढावी लागली. तिचे वय तेव्हा २३ होते.

पुढे काही महिन्यांनी वरिष्ठ कार्यालयाकडून तालुक्यातील रिक्त पदांचा तक्ता मागवला गेला. त्या तक्त्यात स्त्रीरोगतज्ज्ञाचे ते पद ‘भरलेले’ या रकान्यात गेले, कारण ज्यांची नेमणूक होती ते प्रतिनियुक्तीवर दुसरीकडे काम करत होते आणि नियमाने पद भरलेलेच होते. तक्ता खोटा नव्हता, तरीही त्या रात्री तेथे डॉक्टर नव्हते. ही गोष्ट ज्यांनी पाहिली आहे अशा व्यक्तीने विधिमंडळात असण्याचा काही उपयोग होतो का? आमदाराला तालुक्यातील रुग्णालयाबाबत नेमके काय करता येते आणि काय करता येत नाही? आरोग्यसेवेतून राजकारणात गेलेल्यांनी आजवर काय साधले आहे? ज्यांना या विषयाची माहिती आहे त्यांनी कृपया मोकळेपणाने लिहावे. मला उत्तेजन नको आहे, खरे उत्तर हवे आहे.

उत्तर : निवृत्त तालुका आरोग्य अधिकारी, सातारा

ताई, आपला प्रश्न वाचून मला माझ्या नोकरीतील अनेक तक्ते आठवले आणि त्यांतील काहींवर माझीच सही होती, हे मी आधीच सांगून ठेवतो.

आमदाराला काय करता येते हे समजण्यासाठी प्रथम रुग्णालय कोणाच्या मालकीचे आहे ते पाहावे लागते. संविधानाच्या सातव्या अनुसूचीत ‘सार्वजनिक आरोग्य व स्वच्छता, रुग्णालये व दवाखाने’ हा विषय राज्यसूचीत सहाव्या क्रमांकावर आहे, म्हणजे कायदा आणि पैसा या दोन्ही बाबतींत मुख्य जबाबदारी राज्याची आणि पर्यायाने विधिमंडळाची आहे. पण राज्याच्या आत या विषयाचे तीन वेगवेगळे मालक आहेत. उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेकडे असते आणि तेथे जिल्हा आरोग्य अधिकारी पाहतात. ग्रामीण रुग्णालय आणि उपजिल्हा रुग्णालय सार्वजनिक आरोग्य विभागाकडे, जिल्हा शल्यचिकित्सकांच्या अखत्यारीत असते. वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याला जोडलेले रुग्णालय वैद्यकीय शिक्षण विभागाकडे असते. आपल्या जिल्ह्यात तर ही गुंतागुंत अधिकच आहे, कारण सांगलीतील वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय हेच मिरजेच्या शासकीय महाविद्यालयाशी जोडलेले आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या संस्थांमधील तपासणी आणि उपचार निःशुल्क झाले, तेव्हा तो निर्णय त्या विभागापुरताच होता आणि वैद्यकीय शिक्षण विभागाच्या रुग्णालयांना तो लागू नव्हता. तालुक्याच्या रुग्णालयात केसपेपरलाही पैसे न लागलेला रुग्ण पुढे पाठवल्यावर तेथील खिडकीवर पैसे मागितले की चकित होतो. त्याला विभाग कसे माहीत असणार? लोकप्रतिनिधीलाही पुष्कळदा ते माहीत नसते, आणि एका विभागाचे गाऱ्हाणे दुसऱ्या विभागाच्या मंत्र्यांकडे नेले की त्यावर ‘संबंधित विभागाकडे वर्ग’ असा शेरा पडून वर्ष निघून जाते.

दुसरी गोष्ट इमारत आणि पद यांच्यातील अंतराची. सपाट प्रदेशात ३०,००० आणि डोंगरी भागात २०,००० लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, तर ५,००० आणि ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र, हा निकष आहे. त्या निकषात न बसणाऱ्या गावासाठी ‘खास बाब’ म्हणून मंजुरी आणता येते आणि आमदार मंडळी ती आणतातही. त्यानंतर जागा मिळते, सार्वजनिक बांधकाम विभाग इमारत उभी करतो, उद्घाटन होते. परंतु पदनिर्मिती हा पूर्णपणे स्वतंत्र प्रवास आहे. तो प्रस्ताव वित्त विभागाकडे जातो, उच्चस्तरीय सचिव समितीपुढे जातो, तेथे त्रुटी निघतात, तो परत येतो. माझ्या कार्यकाळात मी अशी इमारत पाहिली आहे की जिच्या खिडक्यांच्या काचा पदे मंजूर होण्यापूर्वीच फुटल्या होत्या. इमारतीसाठी पाठपुरावा करणारे लोकप्रतिनिधी मला अनेक भेटले. पदांच्या प्रस्तावाचा नस्ती (फाइल) क्रमांक खिशात ठेवून मंत्रालयात एका मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर जाणारे मोजकेच भेटले, आणि ज्यांच्या तालुक्यात आज रात्री सिझेरियन होते ते तालुके त्या मोजक्यांचे आहेत.

आमदार स्थानिक विकास निधी वर्षाला ५ कोटी रुपयांचा आहे. त्यातून रुग्णवाहिका घेता येते, यंत्रसामग्री घेता येते, पण पगार देता येत नाही आणि रोजचा आवर्ती खर्चही भागवता येत नाही. निधीतून आलेली रुग्णवाहिका चालकाअभावी आवारात उभी राहते, याचे कारण चालकाचे पद आणि डिझेल हे दोन्ही दुसऱ्या लेखाशीर्षातून यावे लागतात. देणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो, त्याला ही व्यवस्था आतून ठाऊक नसते इतकेच. आपल्याला ती ठाऊक आहे. माझ्या दृष्टीने आपल्या २६ वर्षांचे मोल तेथे आहे.

एक सावधगिरीची सूचना. आपण अद्याप सेवेत आहात आणि शासकीय कर्मचाऱ्याला वर्तणूक नियम, १९७९ नुसार राजकीय चळवळीत किंवा निवडणुकीत भाग घेता येत नाही. २० वर्षांची अर्हताकारी सेवा झाली असल्याने तीन महिन्यांची नोटीस देऊन आपण स्वेच्छानिवृत्ती घेऊ शकता. परंतु ती मंजूर होईपर्यंत कोणत्याही सभेत व्यासपीठावर बसू नये, असे मी वडीलकीच्या नात्याने सांगतो.

उत्तर : विधिमंडळ कामकाजाचा अभ्यासक, सांगली

वरील उत्तर अतिशय उपयुक्त आहे. त्यात सभागृहाच्या बाजूने काही भर घालतो, कारण आपण सांगितलेला तक्त्याचा प्रसंग हा माझ्या अभ्यासाच्या विषयाचा गाभाच आहे.

विधानसभेतील तारांकित प्रश्नांच्या, म्हणजे ज्यांना मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात अशा प्रश्नांच्या, याद्या वाचल्या तर त्यांची एक ठरलेली घडण दिसते. ‘अमुक रुग्णालयात पदे रिक्त असल्याने रुग्णांची गैरसोय होत असल्याचे निदर्शनास आले आहे, हे खरे आहे काय, असल्यास, शासनाने चौकशी केली आहे काय, नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’ असे तीन-चार भाग असतात. उत्तरेही तितकीच ठरलेली असतात : ‘हे खरे नाही’, ‘हे अंशतः खरे आहे’, ‘पदे भरण्याची कार्यवाही सुरू आहे’ आणि शेवटी ‘प्रश्न उद्भवत नाही’. या उत्तरांमागे लबाडी असतेच असे नाही. प्रश्न जेवढा सैल असतो तेवढे उत्तर सैल येते, आणि ‘पदे रिक्त आहेत काय’ या प्रश्नाला आपल्या त्या तक्त्यातूनच उत्तर तयार होते. म्हणजे त्या रात्री तेथे डॉक्टर नव्हते ही गोष्ट सभागृहात पोहोचलीच नसती, कारण ती विचारण्यासाठी कोणता शब्द वापरायचा हे विचारणाऱ्याला माहीत नसते. ज्या व्यक्तीने प्रसूतिगृहाची नोंदवही स्वतःच्या हाताने लिहिली आहे तिला ते माहीत असते. गेल्या बारा महिन्यांत भूलतज्ज्ञ रात्रपाळीला प्रत्यक्ष किती दिवस उपस्थित होते, त्या काळात किती सिझेरियन झाल्या आणि बाळंतपणासाठी आलेल्या किती महिलांना पुढे पाठवावे लागले, असे विचारले तर ‘कार्यवाही सुरू आहे’ हे उत्तर पुरत नाही, आकडाच द्यावा लागतो. आकडा आला की त्यावर उपप्रश्न विचारता येतात, आणि मंत्र्यांनी सभागृहात आश्वासन दिले तर ते पुढे, आश्वासने पाळली गेली का हे पाहणाऱ्या आश्वासन समितीकडे जाते.

याशिवाय नियम १०५ खालील लक्षवेधी सूचना आहे, अर्धा तास चर्चा आहे, मार्चमधील अर्थसंकल्पात विभागाच्या मागण्यांवर मांडायच्या कपात सूचना (मागितलेली रक्कम कमी करावी असे सुचवून त्या विषयावर चर्चा घडवण्याचे साधन) आहेत आणि प्रत्येक अधिवेशनात येणाऱ्या पुरवणी मागण्या आहेत. यांतील कपात सूचनेकडे नवे सदस्य फारसे लक्ष देत नाहीत, याचे मला नेहमी वाईट वाटते, कारण औषधे आणि पदे यांचा पैसा अखेर तेथेच ठरतो. नियंत्रक व महालेखापरीक्षकांचे आरोग्यविषयक अहवाल लोकलेखा समितीपुढे येतात. त्या समितीचे काम शांतपणे चालते, त्यावर मथळे येत नाहीत, पण औषध खरेदीतील विलंबाबाबत सचिवांना समोर बसवून विचारता येते ते तेथेच.

आपण उदाहरणे विचारली आहेत. मला सर्वांत आधी डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी आठवतात. १९१२ मध्ये मद्रास वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेतलेल्या या डॉक्टर मद्रास विधानपरिषदेवर नियुक्त झाल्या, ब्रिटिश भारतातील पहिल्या महिला विधिमंडळ सदस्य ठरल्या आणि परिषदेच्या उपाध्यक्षही झाल्या. देवदासी प्रथेविरुद्धची त्यांची विधिमंडळातील लढाई १९२० च्या दशकात सुरू झाली, १९३० मध्ये गांधीजींच्या अटकेनंतर त्यांनी सदस्यत्वाचा राजीनामा दिला, तरी प्रश्न सोडला नाही आणि संपूर्ण प्रतिबंधाचा कायदा १९४७ मध्ये झाला. सीमाभागातील आपल्याला हा विषय परका नाही; ज्या बायकांच्या आजारांवर डॉक्टर औषध देत होत्या, त्या आजारांचे मूळ प्रथेत आहे आणि प्रथा कायद्याच्या कक्षेत येते, ही साखळी त्यांनी जोडली. पुढे १९५४ मध्ये अड्यारची कर्करोग संस्था उभी राहिली तीही त्यांच्याच प्रयत्नांतून.

महाराष्ट्रातही असे प्रवास आहेत. मुंबईच्या केईएम रुग्णालयाचे आणि सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयाचे पहिले अधिष्ठाता डॉ. जीवराज मेहता हे पुढे मुंबई राज्याचे अर्थमंत्री आणि १९६० मध्ये गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झाले. डॉक्टरने आरोग्य खातेच सांभाळावे असे नाही. तिजोरीची भाषा शिकलेला डॉक्टर अधिक उपयोगी पडू शकतो, असे मला त्यांच्याकडे पाहून वाटते. केजच्या डॉ. विमल मुंदडा या वैद्यकीय पदवीधर होत्या, १९९० पासून सलग निवडून येत राहिल्या आणि राज्याच्या सार्वजनिक आरोग्य मंत्री झाल्या. डॉ. नीलम गोऱ्हे यांनी आयुर्वेदाची पदवी घेऊन काही वर्षे वैद्यकीय व्यवसाय केला, स्त्री आधार केंद्राद्वारे अत्याचारग्रस्त स्त्रियांसाठी काम केले, २००२ मध्ये त्या विधानपरिषदेवर गेल्या आणि २०१९ मध्ये उपसभापती झाल्या. पक्ष आणि राजकारण यांबाबत मते वेगळी असू शकतात, परंतु दवाखान्यात येणाऱ्या स्त्रीच्या अंगावरील वळ हा वैद्यकीय आणि कायदेशीर असा दोन्ही प्रकारचा विषय आहे, हे ज्यांना कामातून कळले त्यांची सभागृहातील मांडणी वेगळी असते. कायद्याची ताकद किती असते याचे एक उदाहरण तर घरचेच आहे : गर्भलिंगनिदानावर निर्बंध घालणारा देशातील पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला आणि केंद्राचा कायदा त्यानंतर १९९४ मध्ये आला. त्यामागे रस्त्यावरील कार्यकर्त्यांचा आग्रह होता, तरी त्या आग्रहाचे कलमांत रूपांतर सभागृहातच झाले.

एक लक्षात घ्यावे की ही सर्व नावे डॉक्टरांची आहेत. परिचारिकेचा असा प्रवास मला आपल्याकडे सहज सांगता येत नाही. आपला प्रश्न मला महत्त्वाचा वाटला त्याचे हेही एक कारण आहे.

उत्तर : माजी जिल्हा परिषद सदस्य, तासगाव तालुका

मी वरील दोन्ही उत्तरांशी सहमत आहे, पण एका बाबतीत माझे मत थोडे निराळे आहे आणि ते ताईंनी मनावर घ्यावे असे वाटते.

आरोग्याचे सर्वांत मोठे काम आमच्या तालुक्यातील ज्या आमदाराने केले त्यांच्याकडे कोणतीही वैद्यकीय पदवी नव्हती. आर. आर. पाटील, म्हणजे आमचे आबा, अंजनीसारख्या लहान गावातून आले, १९७९ पासून सांगली जिल्हा परिषदेत होते, १९९० मध्ये विधानसभेत गेले आणि ग्रामविकास मंत्री असताना २०००-०१ मध्ये त्यांनी संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले. त्या काळात मी तरुण कार्यकर्ता होतो. गावे पहाटे झाडू घेऊन बाहेर पडत होती, उकिरडे गावाबाहेर जात होते, शोषखड्डे खणले जात होते, हागणदारीविषयी चारचौघांत बोलायला लोक लाजेनासे झाले होते. बक्षिसासाठी गावे एकमेकांशी चुरस करत होती हे खरे, आणि तपासणी समिती गेल्यावर काही ठिकाणी ढिलाई आली हेही खरे. पण हगवण आणि कावीळ यांची वाट अडवायची असेल तर सलाईनच्या बाटलीआधी गटार आणि पिण्याचे पाणी यांकडे पाहावे लागते, हे आमच्या पिढीला त्या अभियानाने शिकवले. आबांनी हे आरोग्य खात्यातून केले नाही, ग्रामविकास खात्यातून केले.

म्हणून माझी विनंती अशी की, आपण रुग्णालयातून येत आहात तरी केवळ रुग्णालयाच्या आमदार होऊ नका. जतच्या पूर्व भागात उन्हाळ्यात टँकरचे पाणी येते तेव्हा त्या पाण्याची तपासणी कोण करते, ऊसतोडीला जाणाऱ्या बाईचे गरोदरपणातील लसीकरणाचे कार्ड कोपीवर (ऊसतोड मजुरांच्या झोपडीवर) तिच्यासोबत जाते का, उमदीच्या पलीकडची माणसे उपचारासाठी विजयपूरला जातात तर तेथे आपल्या राज्याची योजना त्यांना लागू होते का, हे प्रश्न एका विभागात मावत नाहीत. रुग्णालयात काम केलेल्या माणसाला कोठे काय बिघडले आहे ते लगेच दिसते आणि तो स्वतः हात घालायला धावतो. आमदाराने वॉर्डात जाऊन परिचारिकेला सूचना द्यायला सुरुवात केली तर तिची आणि रुग्णालयाची, दोघांचीही अडचण होते. हे मी अनुभवातून सांगतो आहे. मी सदस्य असताना एका आरोग्य केंद्रात रोज जाऊन बसत असे, मला वाटे की मी काम करून घेतो आहे. शेवटी तेथील डॉक्टरांनी बदली मागून घेतली आणि पुढे आठ महिने दुसरे कोणी आले नाही. ती चूक माझी होती.

जिल्हा परिषदेपासून सुरुवात करण्याचा सल्ला आपल्याला मिळाला आहे, तो मात्र अगदी योग्य आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रे तिच्याकडे असतात, आरोग्य समितीत बसून औषधांची मागणी, उपकेंद्रांची दुरुस्ती आणि कर्मचाऱ्यांच्या बदल्या यांचा कारभार जवळून कळतो, आणि महिलांसाठी निम्म्या जागा राखीव असल्याने वाटही थोडी रुंद झाली आहे. विधानपरिषदेत सांगली आणि सातारा मिळून स्थानिक स्वराज्य संस्थांचा एक मतदारसंघ आहे, हेही पुढचा विचार करताना लक्षात असू द्यावे.

उत्तर : वैद्यकीय अधिकारी, पाटण तालुका (जि. सातारा)

मी बंधपत्रित सेवेसाठी (वैद्यकीय शिक्षणानंतरच्या सक्तीच्या शासकीय सेवेसाठी) डोंगरी भागात आलो आणि नंतर येथेच राहिलो. तासगावच्या दादांचे म्हणणे मला पटते, पण रुग्णालयाकडे कमी लक्ष द्यावे असा त्याचा अर्थ कोणी घेऊ नये, म्हणून थोडेसे लिहितो.

कोयनेच्या शिवसागर जलाशयापलीकडील कांदाटी खोऱ्यातील रुग्णाला तापोळ्याला यायचे तर लाँचने पाणी ओलांडावे लागते. पावसाळ्यात धुके उतरले की लाँच थांबते. अशा ठिकाणी ३,००० लोकसंख्येचा निकष लावला तर उपकेंद्र कधीच मिळणार नाही, कारण वाड्या लहान आणि विखुरलेल्या आहेत. तेथे लोकसंख्येऐवजी अंतर आणि वेळ मोजायला हवा. हा बदल जिल्हा पातळीवर होत नाही, राज्याच्या धोरणातच व्हावा लागतो आणि त्यासाठी सभागृहात हा भूगोल माहीत असलेली व्यक्ती लागते.

दुसरे असे की, परिचारिकांविषयी बोलणारे कोणी तेथे असणे मला फार आवश्यक वाटते. सर्वसाधारण रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक परिचारिका असावी, असा भारतीय परिचर्या परिषदेचा जुना निकष आहे. रात्रपाळीला एका सिस्टरकडे प्रसूतिगृह, पुरुष कक्ष आणि अपघात विभाग असे तिन्ही असतात, तेव्हा त्या निकषाचे काय होते ते आपण सर्वजण जाणतो. डॉक्टर फेरी करून निघून जातो. बाळंतिणीचा रक्तस्राव वाढतो आहे हे ज्या व्यक्तीला प्रथम कळते ती परिचारिका असते. मिरजेत डॉ. वानलेस यांचे रुग्णालय १८९४ मध्ये सुरू झाले, तेव्हापासून या भागातील कितीतरी मुली परिचर्या शिकून राज्यभर गेल्या, आणि एवढी मोठी परंपरा असलेल्या जिल्ह्यातून या कामाची एक प्रतिनिधी विधिमंडळात जावी, असे मला मनापासून वाटते.

प्रश्नकर्तीचे उत्तर : अधिपरिचारिका, जत तालुका

आपण सर्वांनी इतका वेळ देऊन लिहिले, त्याबद्दल मनःपूर्वक आभार. मी सर्व उत्तरे दोनदा वाचली आणि काल रात्री माझ्या यजमानांनाही वाचून दाखवली.

साताऱ्याच्या सरांनी नस्ती क्रमांकाविषयी लिहिले ते वाचून मला एक गोष्ट उमगली. मी आजवर पदे रिक्त असल्याची तक्रार पुष्कळदा केली, पण आमच्या संस्थेचा पदनिर्मितीचा किंवा रक्त साठवणूक केंद्राचा प्रस्ताव सध्या कोणत्या टेबलावर आहे, हे मी एकदाही विचारले नव्हते. ते विचारण्यासाठी निवडून येण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. तासगावच्या दादांनी स्वतःची चूक सांगितली, त्यामुळे मला माझ्या स्वभावातील धोका दिसला. मी खरोखरच पहिल्या दिवशी वॉर्डात शिरले असते.

स्वेच्छानिवृत्तीचा निर्णय मी आणखी काही काळ थांबून घेणार आहे, कारण धाकट्या मुलीचे शिक्षण अजून दोन वर्षांचे आहे. गावातील महिलांनाही तसे सांगितले आहे. तोपर्यंत मी सेवेतच राहीन आणि सेवेच्या मर्यादेतच वागेन. पण विधिमंडळाच्या अभ्यासक सरांनी सांगितले तसे नेमके प्रश्न लिहिण्याचा सराव मी घरी वहीत सुरू केला आहे. कोणत्याही संस्थेचे नाव न घालता, केवळ सरावासाठी लिहिलेला पहिला मसुदा येथे देते :

‘राज्यातील ज्या ग्रामीण रुग्णालयांत स्त्रीरोगतज्ज्ञ आणि भूलतज्ज्ञ यांची पदे भरलेली म्हणून दाखवण्यात आली आहेत, त्यांपैकी किती रुग्णालयांत हे दोन्ही अधिकारी मागील बारा महिन्यांत रात्री आठ ते सकाळी आठ या वेळेत प्रत्यक्ष उपस्थित होते, उपस्थित नसल्यास, प्रसूतीच्या किती रुग्णांना अन्यत्र पाठवावे लागले, पाठवावे लागले असल्यास, त्यांपैकी किती रुग्णांसोबत प्रशिक्षित परिचारिका देण्यात आली, नसल्यास, त्याची कारणे काय आहेत?’

यात ‘प्रत्यक्ष उपस्थित’ एवढे शब्द पुरेसे आहेत की प्रतिनियुक्तीचा वेगळा उल्लेख करावा लागेल, आणि रात्रपाळीची वेळ अशी घड्याळात लिहिणे नियमाला धरून होईल का, हे सरांनी कृपया सांगावे.